सहाव्या गटाचा कारभारी

सहाव्या गटात पाच माणसं होती. गट चौघांचा असतो.

मी त्या खोलीत शिरले, म्हणजे लॅपटॉपवर एक बटण दाबलं, तेव्हा धनश्रीच्या चौकटीत धनश्रीचा एक कान आणि डोक्यावरचा पदर एवढंच दिसत होतं. उरलेली चौकट एका गृहस्थांनी भरून टाकली होती. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ते माझ्याकडे असे बघत होते, की आपल्याला यायला उशीर झाला की काय असं मलाच वाटलं.

"नमस्कार मॅडम," ते म्हणाले. "शिकवायला कवा सुरुवात हुनार?"

"नमस्कार. तास सुरू होऊन बराच वेळ झाला."

"त्ये बगितलं मी. पोरंच बोलाय लागल्यात. तुमी कवा बोलनार?"

हे धनश्रीचे सासरे, दिनकर मुळीक, घरात आणि गावात तात्या. एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. ते येणार हे मला ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी धनश्रीचा निरोप आला होता: 'मॅडम, उद्या तात्या तासाला बसणार आहेत. पटलं तर ठेवतो म्हणालेत, नाहीतर महिनाअखेर कॉलेजातून नाव काढणार. उद्या तरी जरा शिकवा.'

शेवटचं वाक्य मला चांगलंच झोंबलं होतं.

ही टाळेबंदीच्या वर्षातली गोष्ट. आमचं कॉलेज विट्याजवळचं, मुलं आजूबाजूच्या गावांतली. कॉलेज बंद पडल्यावर आमचे विभागप्रमुख पवार सर मोबाईल स्टँडला लावून त्याला नोट्स सांगू लागले. पंचवीस वर्षं त्यांनी वर्गाला त्याच नोट्स सांगितल्या होत्या, आणि मोबाईल वर्गापेक्षा शांत बसतो म्हणून ते खूश होते. मी मात्र एका प्रशिक्षणातून नवीन खूळ घेऊन आले होते. मुलांचे चार-चारचे गट करायचे. त्यांना पडद्यावर एक खेळ द्यायचा. खोका, पंप, शेगडी, काटा, सगळं चित्रातलं, पण हात लावला की खऱ्यासारखं वागणारं. बरोबर प्रश्नांचा कागद द्यायचा. मुलांनी खेळ हलवून बघायचा, आपसात भांडायचं आणि उत्तर काढायचं. शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही. कुणी विचारलंच, तर उलटा प्रश्न टाकायचा आणि पुढच्या खोलीत जायचं.

गप्प बसणं हे नोकरीत मला शिकावं लागलेलं सगळ्यात अवघड काम. आमच्या घरी यावर अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

गटातल्या चौघांना चार कामं वाटून दिलेली असत. त्यांची इंग्रजी नावं मुलांच्या तोंडात बसेनात, म्हणून मी माझी ठेवली. कोणी कधी बोलायचं ते ठरवणारा कारभारी, लिहून घेणारा कारकून, शेवटी सगळ्या वर्गाला सांगणारा बोलका, आणि प्रत्येक गोष्टीवर 'कशावरून?' म्हणणारा शंकेखोर. कामं आठवड्याला बदलत. शंकेखोर व्हायला उमेदवारांची कमतरता कधीच पडली नाही.

त्या आठवड्यात सहाव्या गटाची कारभारी धनश्री होती. साहिल मुलाणी कारकून, वैष्णवी लोहार शंकेखोर. बोलका होता ओंकार, आणि त्याची रेंज गेलेली होती. तो हातवारे करताना दिसायचा, पण आवाज येत नव्हता.

धनश्रीचं लग्न बारावीचा निकाल लागायच्या आधीच झालं होतं. पन्नास माणसांत उरकता येतंय तर उरकून घेऊ, असं तेव्हा बऱ्याच घरांत चाललं होतं. नवरा कोइमतूरला मामाच्या गलाईच्या दुकानात, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. रस्ते मोकळे झाले की ती तिकडे जाणार होती. तोवर तिने बी.एस्सी. करावं, असं तिचं स्वतःचं मत होतं. घरात बाकी कुणाचं मत नव्हतं. "आमच्यात अ‍ॅसिड तीन पिढ्या वापरत्यात, बी.एस्सी. कुनी केलं?" असं तिच्या सासूबाई म्हणाल्याचं तिने मला अगदी सरळ आवाजात सांगितलं होतं. त्यावर रागवायचं की हसायचं, ते तिने माझ्यावर सोडलं होतं.

मला ती मुलगी वर्गात हवी होती. ती हुशार होती म्हणून नव्हे, हुशार बरीच असतात. तिला एखादी गोष्ट कळली नाही की तिची भूक जायची. अशी मुलं शिक्षकाला वीस वर्षांत दोन-तीन मिळतात.

"मी बोलते ना, तात्या," मी म्हणाले. "आधी मुलं कुठवर आली ते बघू. कारभारी कोण?"

"मी हाय, मॅडम," चौकटीतला कान म्हणाला.

तात्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. कारभारी ही त्यांच्या घरात रिकामी असलेली जागा नव्हती.

त्या दिवशीचा खेळ सोपा होता. पडद्यावर एक बंद खोका. पंप दाबला की आत वायूचे कण जातात आणि भिंतींवर आपटत फिरतात. कण दोन प्रकारचे, निळे जड आणि तांबडे हलके. खोक्याला दाब दाखवणारा काटा. प्रश्न असा होता: आधी फक्त निळे सोडा आणि काटा वाचा. मग खोका रिकामा करून तेवढेच तांबडे सोडा. खोका तोच, तापमान तेच. दाब कुणाचा जास्त?

"निळ्यांचा," तात्या म्हणाले.

"तात्या, अजून बघितलं नाही आपण," साहिल अदबीने म्हणाला.

"बगायचं काय त्यात? एसटीची धडक आन् सायकलीची धडक सारखी अस्ती का? उभी हयात स्टँडवर गेली माजी. लिव."

साहिलने लिहिलं. मोठ्या माणसाने लिव म्हटल्यावर लिहायचं, ही त्याच्या घरची शिस्त.

"कशावरून?" वैष्णवीने विचारलं. तो तिचा आठवड्याचा धर्म होता.

"कशावरून म्हंजे?" तात्या म्हणाले. "तू कुनाची गं?"

धनश्रीने हात पुढे करून निळे सोडले. काटा चढला, थोडा थरथरला आणि एका जागी स्थिरावला. साहिलने आकडा लिहिला. मग तिने खोका रिकामा केला आणि तांबडे सोडले. काटा चढला, थरथरला आणि त्याच आकड्यापाशी येऊन थांबला.

ओंकार हातवारे करत होता.

"काटा अडकलाय," तात्या म्हणाले आणि त्यांनी मोबाईलच्या काचेवर नख आपटलं. आमच्या सगळ्यांच्या कानात ठकठक झाली. "गाडीचा काटाबी असाच अडकतोय. वरनं हानला की सुटतो."

तो सुटला नाही. तेव्हा तात्यांनी पंप स्वतःच्या हातात घेतला. ज्या अर्थी सायकलींनी एसटीची बरोबरी केली आहे, त्या अर्थी सायकली कमी पडल्या असणार, असा काहीसा त्यांचा विचार असावा. ते बोटाने पंप दाबत राहिले. खोका तांबड्या कणांनी गच्च भरला, काटा टोकाला गेला आणि खोक्याचं झाकण उडून पडद्याबाहेर गेलं.

"मी काय केलं न्हाई," तात्या म्हणाले.

"झाकण परत लावता येतं, तात्या," साहिलने धीर दिला.

झाकण लागलं. पुन्हा निळे, पुन्हा तांबडे. काटा पुन्हा त्याच जागी. आता तात्यांचा चेहरा बदलला. त्यांनी खिशातलं पेन काढलं, पुन्हा ठेवलं आणि थेट माझ्याकडे वळले.

"मॅडम, बराबर कोन? मी का काटा?"

"तुम्हाला काय वाटतं? असं का होत असेल?"

"मला काय वाटतंय ते मी मगाच सांगितलं. तुमाला काय म्हाईत हाय ते सांगा. कॉलेजनं तुमाला त्यासाठीच ठिवलंय न्हवं?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते माझ्या जिभेवर येऊन उभं होतं. ते सांगितलं असतं तर तात्या म्हणाले असते, 'हां, आता शिकवलं', आणि धनश्रीचं नाव राहिलं असतं. न सांगावं तर पोरगी जाते. आजवर तत्त्वासाठी मी स्वतःचं नुकसान केलं होतं, दुसऱ्याचं करायची वेळ पहिलीच. मी तोंड उघडलं.

"तात्या," धनश्री म्हणाली, "तुमची पाळी झाली. आता वैष्णवी बोलंल."

ती हे अगदी हळू म्हणाली. पण म्हणाली. तिचा पदर घसरला होता आणि तो वर घ्यायचं तिच्या लक्षात आलं नव्हतं. साहिलने मान खाली घातली. वैष्णवी शंकेखोर होती, पण तिला त्या क्षणी एकही शंका सुचली नाही.

"कुनाला म्हनतीस?" तात्यांनी विचारलं.

"कागदावर तसं लिहिलंय, तात्या. एकजण सारखा बोलायला लागला की कारभाऱ्यानं पाळी बदलायची." ती थांबली. "आज कारभारी मी हाय."

आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. तात्या उठले. चौकटीत त्यांचा पट्टा दिसला, मग छताचा पंखा दिसला आणि मग धनश्रीची चौकट काळी झाली.

पुढच्या तासाला ती नव्हती. त्याच्या पुढच्यालाही नव्हती. मी फोन लावला तर तो तात्यांनी उचलला. "धनश्री कामात हाय," म्हणाले आणि ठेवला. मुलीचा फोन सासऱ्याच्या हातात गेला, यावरून मी काय समजायचं ते समजले.

पवार सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अहो शिरगुप्पे मॅडम, सांगून टाकायचं होतं की. एका वाक्याचा प्रश्न. माझ्या नोट्समध्ये आहे ते, पान तीन." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ते बरोबर आहेत असंच वाटत होतं. माझ्या खुळापायी एका मुलीचं शिक्षण गेलं, हे काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. त्या आठवड्यात मी प्रत्येक खोलीत शिरले की भडाभडा उत्तरं सांगत सुटले. मुलं घाबरली. वैष्णवीने मला वेगळा निरोप पाठवून 'मॅडम, बरं नाही का?' असं विचारलं.

महिना संपत आला होता. एका दुपारी मी भाजी निवडत होते, तेव्हा धनश्रीच्या नंबरवरून फोन आला.

"मुळीक बोलतोय," आवाज आला. "निवृत्त वाहतूक नियंत्रक."

"बोला, तात्या." नाव काढायला कुठे जायचं, हेच विचारणार असं धरून मी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"मॅडम, तुमचा खोका बिगाडलाय."

"कुठला खोका?"

"मोबाईलातला. मी रोज बगतोय. निळं सोडतोय, तांबडं सोडतोय. काटा तितंच. म्हनलं ह्या मोबाईलचाच दोष आसंल, म्हनून कोइमतूरला पोराला बगाय लावलं. तिकडंबी तितंच. त्याचा मामा बी बगाय लागलाय आता. दुकान सोडून."

"मग?"

"मंग काय. सूनबाईला इचारलं, तर ती म्हनती, तुमीच बगा. जेवन ग्वाड लागंना." त्यांनी आवाज खाली आणला. स्टँडवर गाड्या पुकारलेल्या माणसाचा खालचा आवाज म्हणजे आपला नेहमीचा. "तेवढं मला एकट्याला सांगा. कुनाला बोलत न्हाई मी."

मला त्यांची दया आली, खरंच आली. मीही आयुष्यात अशी न जेवता बसले आहे, आणि ते वाक्य पुन्हा जिभेवर आलं होतं. पण मी भाजी निवडत होते, आणि भाजी निवडताना माझं डोकं बरं चालतं. माझ्या लक्षात आलं की या माणसाला उत्तर मिळेपर्यंतच हा फोन चालू आहे. उत्तर दिलं की ते आभार मानतील, फोन ठेवतील आणि महिनाअखेरीला नाव काढायला कॉलेजात येतील.

आणि मला धनश्रीने कधीतरी हसत सांगितलेली एक गोष्ट आठवली. नोकरीत असताना तात्यांनी एकदा तिच्या सासूबाई, म्हणजे स्वतःची बायको, फलाटावर आणि त्यांची पिशवी गाडीत, अशी गाडी सोडली होती. गाडीची वेळ झाली होती. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत, पण तात्या म्हणाले, नियम म्हणजे नियम.

"तात्या, मला सांगता येत नाही," मी म्हणाले. "गटाचा प्रश्न कारभाऱ्याच्या तोंडून आला तरच मला त्यावर बोलता येतं. दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, असा नियम आहे."

"नियम हाय?"

"आहे."

"लेखी?"

"लेखी."

"मंग बराबर हाय," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच माझ्याबद्दल थोडा आदर होता. "कारभारी बदलता येतो का? मला करा."

"कारभारी व्हायला कॉलेजात नाव असावं लागतं."

"आन् सूनबाईचं नाव काडलं तर?"

"तर गटाचा प्रश्न तिच्याबरोबरच संपला, तात्या. तो परत विचारायची सोय नाही. खोका आहेच तुमच्याकडे, बघत राहा."

मी मेथीची दोन पानं खुडली आणि तशीच हातात धरून बसले. मग पलीकडून फलाटावरचा आवाज आला, इतका मोठा की मी फोन कानापासून लांब धरला.

"धनश्रीऽऽ! हातातलं ठिव आन् हिकडं ये. मॅडमचा फोन हाय. कारभाऱ्यानंच इचारायचं, असा नियम हाय म्हनं. इचार त्यांना."

पावलं वाजली. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग दार लोटल्याचा आवाज आणि परसातल्या कोंबड्या.

"मॅडम," धनश्री म्हणाली. तिला धाप लागली होती. "मी कारभारी बोलते."

"बोल. कशी आहेस?"

"बरी हाय." मग तिने आवाज अगदी हळू केला. "मॅडम, मला उत्तर त्याच दिवशी कळलंय. भांडी घासताना. तांबडी हलकी असतात, म्हणून जोरात पळतात. त्यांचा धक्का लहान, पण ती भिंतीवर जास्त वेळा आपटतात. निळ्यांचा धक्का मोठा, पण कमी वेळा. शेवटी भिंतीला दोन्ही सारखंच. बरोबर आहे ना?"

नियमाप्रमाणे मी इथे उलटा प्रश्न टाकायला हवा होता. मला तो सुचेना. माझे डोळे भरून आले होते.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "मग तात्यांना का नाही सांगितलंस गं? इतके दिवस बिचारे—"

"सांगितलं असतं, तर त्यांनी तुम्हाला फोन केला असता का?"

मी हातातली मेथीची पानं खाली ठेवली.

"तुम्हीच म्हणता ना मॅडम, उत्तर सांगायचं नाही. कळलं नाही की माणूस जात नाही." जरा थांबून तिने विचारलं, "आणि तो कारभाऱ्याचा नियम कधी झाला? आमच्या कागदावर तर नाहीये."

"आत्ता झाला."

"मग तेवढा लेखी पाठवा," धनश्री म्हणाली. "तात्या बघायला मागतील."

आणि मग ती घराकडे वळून मोठ्याने म्हणाली, "तात्या, मॅडम विचारतात, तुम्ही नुसता काटाच बघत बसलाय का? निळं भिंतीला किती येळा आपटतंय, तांबडं किती येळा, ते मोजलंय का?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "सोमवारी तास कितीला हाय?"

मी भाजी तशीच टाकून लॅपटॉप उघडला आणि नियम लिहायला बसले. तारीख मागची घातली.